धुलाईयंत्राच्या पुस्तकातून ‘पहा’ उठवल्याची हकीकत

समस्त सुज्ञ, जाणते, यंत्र अडले असता आधी त्यास दोन चापट्या मारून पाहणारे आणि मगच नाइलाजाने पुस्तक उघडणारे, अशा सकळ मंडळींस विदित व्हावे, की पूर्वी लढाया तख्तासाठी जाहल्या, मुलखासाठी जाहल्या, कित्येक तर नुसत्या रुसव्याफुगव्यासाठी जाहल्या, आणि त्या सर्वांच्या हकीकती लिहिणाऱ्यांनी लिहून ठेविल्या. परंतु एका धुलाईयंत्राच्या माहितीपुस्तकात आठ दिवस जे घनघोर युद्ध माजले, ज्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, साबणाचे पाणी मात्र बादलीवारी सांडले, त्याची दखल कोणी घेतली नाही. ती आम्ही घेतली आहे. पदरचे काही घातलेले नाही. घातले असेल तर चवीपुरते.

इस्पितळांना लागणारी मोठी धुलाईयंत्रे बनविणारा एक कारखाना होता, आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर पुस्तकांचे दप्तर होते. तीन मेजे, दोन कपाटे आणि कधीही न उघडणारी एक खिडकी, एवढा त्या दौलतीचा विस्तार. या दौलतीचे खावंद म्हणजे नियमनिपुण, परिशिष्टपालक, कोष्टककुलभूषण थोरले साहेब. माघारी त्यांस सारा कारखाना पहासाहेब म्हणे. कारण त्यांचा हुकूम असा होता, की कोणतीही गोष्ट पुस्तकात एकदाच लिहावी; दुसऱ्या जागी तिची गरज पडली तर तेथे फक्त ‘पहा’ असे लिहून, पुढे कलमाचा आकडा घालून, वाचणाऱ्यास पहिल्या जागी रवाना करावे. वाचणारा कोण, तो त्या समयी उभा आहे की बसलेला, त्याच्या हातात काय आहे, याची चौकशी करण्याचा रिवाज दप्तरात नव्हता.

या साहेबांच्या पदरी एक लेखनीसबाई होत्या. चार वर्षे चाकरी जाहली होती, अक्षर मोत्यासारखे, आणि साहेबांची मर्जी राखण्याची हौस दांडगी. नव्या यंत्राचे पुस्तक करण्याची कामगिरी त्यांजकडे आली, तेव्हा त्यांनी कमर कसली आणि एकशे शहाऐंशी पानांत तीनशे सतरा ‘पहा’ पेरले. पुस्तक हुजुरांपुढे रुजू होताच थोरल्या साहेबांनी भर बैठकीत ते डोक्याएवढे उंच धरले आणि फर्माविले, की पुस्तक असे असावे, यात एक वाक्य दोनदा येत नाही. बाई त्या सायंकाळी घरी गेल्या त्या जमिनीपासून दोन बोटे वरून. एकटे आकृत्या काढणारे नकाशेनवीस, ज्यांस बोलण्यापेक्षा पेन्सिलीला टोक करणे अधिक प्रिय होते, ते पुस्तक चाळून इतकेच पुसते जाहले, की हे वाचणार कोण. त्यांस उत्तर मिळाले, की वाचक. मग त्यांनी पुन्हा पेन्सिलीला टोक केले.

आता दैवाची गती पहावी. यंत्र परीक्षेसाठी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेले, आणि तेथे सव्वीस वर्षे यंत्रे चालविणाऱ्या चालकीणबाई म्हणजे लेखनीसबाईंची सख्खी मावशी. ही मावशी सामान्य असामी नव्हे. यंत्राच्या पोटात कोठे काय खडखडले हे दुसऱ्या खोलीतून ओळखणारी, चादरीवरचा डाग पाहून तो औषधाचा की चहाचा हे सांगणारी, आणि लेखनीसबाईंची आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी येऊन त्यांच्या वेण्या घालून, दोन टपल्या देऊन शाळेत धाडणारी. त्या टपल्यांवर आपण शिकलो, ऐसे बाई लग्नकार्यात सांगत.

सोमवारी सकाळी वीज गेली. यंत्राच्या पोटात शस्त्रक्रियेच्या खोलीतील चादरी, ऊन पाणी काठोकाठ, आणि दार लॉक. वरून निरोपावर निरोप, की चादरी पाठवा. जुने यंत्र असते तर मावशींनी त्यास कोपराने ढोसून ताळ्यावर आणिले असते. परंतु हे यंत्र नवे होते, आणि पुस्तकावाचून त्यास हात लावू नये असा धुलाईखान्याच्या सुपरवायझरांचा सक्त हुकूम होता. तेव्हा मावशींनी ओले हात पदरास पुसले, चष्मा नाकावर चढविला आणि पान एकेचाळीस उघडले.

तेथे लिहिले होते, की दार उघडत नसल्यास पहा कलम सहा-चार. मावशींनी एकेचाळिसाव्या पानात अंगठा घातला आणि सहा-चारवर चाल केली. तेथे हुकूम, की प्रथम पाणी सोडावे, परंतु त्यापूर्वी पहा दोन-एक. मग सहा-चारमध्ये पहिले बोट घालून दोन-एक गाठले. तेथे ताकीद, की वीज तोडल्यावाचून हात घालू नये, आणि स्विचच्या जागेसाठी पहा परिशिष्ट तीन. मग तेथे मधले बोट घालून परिशिष्टात शिरल्या, तो त्यांस स्विच सापडला, परंतु पाणी सोडण्याची मूठ आकृती अकरामध्ये दडली असल्याची खबर लागली. मग परिशिष्टात अनामिका रुतवून आकृती अकरा काढली, तो तिच्यावर नुसते गोल आणि गोलांत आकडे, आणि खाली बारीक अक्षरांत, की आकड्यांच्या अर्थासाठी पहा कोष्टक पाच. मावशींनी आकृतीत करंगळी घातली. येणेप्रमाणे डाव्या हाताची पाचही बोटे पाच ठिकाणी अडकून पडली, उजवा हात पुस्तकाचे ओझे पेलण्यात खर्ची पडला, आणि यंत्रास लावावयास हात म्हणून उरला नाही.

नेमक्या त्याच समयी सुपरवायझर आले, आणि नेमक्या त्याच समयी वीज आली, आणि यंत्र आपसूक पाणी टाकून, चिमटा काढून पळणाऱ्या पोरासारखे, आपले दार आपणच उघडते जाहले. सुपरवायझरांनी वहीत नोंद केली, की चालक पुस्तकाप्रमाणे यंत्र चालवू शकत नाही. पुढल्या सोमवारी फेरपरीक्षा घ्यावी, आणि न जमल्यास चालकास घडी घालण्याच्या मेजावर धाडावे. सव्वीस वर्षांच्या सरदारकीची अशी एका ओळीत वासलात लागली.

त्याच दिवशी सायंकाळी मावशी भाचीच्या घरी आल्या. चहा पुढे ठेविला तरी कप उचलीनात. मग एकदम म्हणाल्या, “काय गं, तुमच्याकडे असली पुस्तकं लिहितं तरी कोण?”

लेखनीसबाईंनी बशी पुसली. मग पुसलेली बशी पुन्हा पुसली. मग म्हणाल्या, “मी.”

मावशी म्हणाल्या, “तू? बरं. मग तुला माहीत असेल ना, पाणी सोडायची मूठ कुठे असते ते?”

बाई तत्काळ उत्तरल्या, “आकृती अकरा.” मग कोष्टक आठवू लागल्या. मग छताकडे पाहू लागल्या. तीनशे सतरा ठिकाणी लोकांस पाठविणारी ही मुत्सद्दी स्वतः त्यांपैकी एकाही ठिकाणी पोचली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्या इतकेच म्हणाल्या, “घडी घालायलाही माणूस लागतंच गं,” आणि गार जाहलेला चहा एका घोटात पिऊन निघून गेल्या. बाईंना त्या रात्री जेवण गेले नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण मोहिमेस खरा प्रारंभ तेथून जाहला.

मंगळवारी बाईंनी थोरल्या साहेबांकडे अर्जी गुजारली, की ‘पहा’ कमी करावे. साहेबांनी ती दोनदा वाचिली, चष्मा उतरविला आणि नामंजूर केली. त्यांची बाजूही लिहिणे भाग आहे, नाही तर बखरकार एकतर्फी म्हणून बदनाम होतात. साहेब तरुण असता एका यंत्राचे पुस्तक त्यांनी केले होते. पाणी पंचावन्न अंशांखाली आल्यावर दार उघडावे, असे त्यात तीन जागी लिहिले होते. पुढे कारखान्याने आकडा चाळीस केला. साहेबांनी दोन जागी सुधारिला, तिसरी जागा नजरेतून सुटली. एका धुलाईवाल्याने नेमकी तिसरी जागा वाचिली. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. साहेब त्यास पाहावयास इस्पितळात गेले, खाटेपाशी उभे राहिले आणि परत आले; आणि तेव्हापासून एक गोष्ट एकदाच, हे त्यांचे व्रत जाहले. इतके सांगून ते म्हणाले, की आता तुम्हीच सांगा, दोनदा लिहू का. बाईंनी अर्जीची घडी घातली. त्या गेल्या पावली परत आल्या, आणि वाटेत जिन्यावर थांबून नाक पुसत्या जाहल्या.

परंतु मावशीचा गार चहा डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा बुधवारी बाईंनी हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर हल्ला चढविला, आणि रागाच्या भरात माणूस जे करतो तेच केले, म्हणजे अतिरेक. जेथे ‘पहा’ दिसेल तेथे त्यास कापून काढून, तो ज्याच्याकडे बोट दाखवीत होता तो सारा मजकूर त्याच्या जागी आणून बसविला. दिवसभर कत्तल चालली. सायंकाळी मोजदाद केली, तो ‘पहा’ शून्य आणि पाने चारशे बारा. वीज जोडण्याचे अडीच पानी प्रकरण एकोणीस वेळा आले होते. दाराची काच कशी पुसावी हे सांगतानासुद्धा आधी इमारतीचा पाया तपासण्यास सांगितले होते. बाई मोठ्या डौलाने ते बाड नकाशेनवीसांकडे घेऊन गेल्या आणि मावशींची सारी हकीकत त्यांस सांगितली. त्यांनी ते तळहातावर तोलिले आणि म्हणाले, “हे मावशींच्या पायावर पडलं तर?”

असे बोल ऐकून शूराचेही हात गळतात. बाई खुर्चीत बसल्या. मग नकाशेनवीसांनी आपल्या आयुष्यातील दुसरा मोठा सवाल केला, की मावशींना त्या वेळी नेमके काय हवे होते. बाईंनी बोटांवर मोजले: स्विच, उष्णतेचा काटा, मूठ, काच, खटका, दार. सहा गोष्टी, त्याही एका पानात मावतील अशा. एकशे शहाऐंशी पानांचे पुस्तक आणि चारशे बारा पानांचे बाड, दोहोंनी मिळून त्या सहा गोष्टी एकत्र कोठेही सांगितल्या नव्हत्या.

गुरुवारी आणि शुक्रवारी दोन प्रहरपर्यंत बाईंनी नवी मसलत चालविली. हात ओले असता, घाई असता, यंत्रासमोर उभे असता जे लागते, ते तेथल्या तेथे लिहावे, मग ते दुसरीकडे आले असले तरी बेहत्तर. जे निवांत बसून, हात कोरडे करून वाचावयाचे, जसे यंत्र बसविण्यापूर्वीची मापे, सुट्या भागांची लांबलचक यादी, त्याकडे मात्र खुशाल ‘पहा’ म्हणून बोट दाखवावे, आणि बोट दाखविताना तेथे काय मिळेल हेही सांगावे, नुसता आकडा फेकू नये. या कसोटीवर एकेका ‘पहा’ची झडती घेतली. कित्येक गयावया करू लागले. काही तर बाईंच्या विशेष लाडके होते. अखेरीस चौदा वाचले.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी बाईंनी थोरल्या साहेबांस खाली चाचणीच्या शेडमध्ये पाचारण केले. तेथे नवे यंत्र पाण्याने भरून, दार लॉक करून उभे होते. बाईंनी साहेबांस रबरी हातमोजे दिले, ते साबणाच्या पाण्यात बुचकळावयास लाविले, आणि जुने पुस्तक त्यांच्या हाती देऊन अदबीने विनंती केली, की वीज गेली आहे असे समजून दार उघडून दाखवावे. साहेब हसले. ज्याने पुस्तकांचे कायदे घडविले, त्यास पुस्तकाचे भय कसले. त्यांनी एकेचाळिसावे पान उघडले, सहा-चारवर गेले, दोन-एकवर गेले. तो रबरी बोटांस पाने एकेक न येता आठ-आठ येऊ लागली. परिशिष्ट तीन भिजून परिशिष्ट चारास चिकटले. मोज्याचे एक बोट कलम सहामध्येच राहिले आणि साहेबांचे खासे बोट बाहेर आले. आकृती अकरापाशी पोचले तेव्हा कपाळावर घाम होता आणि हनुवटीखाली कोष्टक पाच धरले होते. अखेर तो नियमनिपुण पुरुष इकडे तिकडे पाहून बोलता जाहला, “जरा हे पान धरता का?”

नकाशेनवीसांनी पेन्सिल खिशात ठेविली. इतिहासात याच वाक्यास शरणागती म्हणतात. तेवढ्यात पुस्तक निसटून बादलीत पडले आणि बुडबुडे काढीत तळाशी गेले.

परंतु साहेब हातमोजे काढून तसेच उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण आकडा बदलला तर?” चेष्टा करणाऱ्या आम्हांसही ती त्या ठिकाणी आवरती घ्यावी लागते. बाईंनी याचा विचार केला होता. त्यांनी नवी, जाड पुठ्ठ्याची एक वही पुढे केली. तीत पुस्तकात दोनदा, तीनदा येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे एक पान होते, आणि ती कोणकोणत्या पानांवर, कितव्या ओळीत आली आहे, ते त्यात लिहिले होते. चाळीस अंश: पाच जागा. आकडा बदलला की वही उघडावी आणि पाचही जागी जाऊन सुधारावा. बाई म्हणाल्या, “साहेब, पानापानांतून पळायचं तर आपण पळू. आपले हात कोरडे असतात.”

साहेबांनी वही घेतली. पहिल्या पानापासून अखेरपर्यंत चाळली, चाळीस अंशांच्या पानावर बराच वेळ थांबले, आणि पाचही जागांवर बोट ठेवून त्या मोजल्या. मग त्यांची मुद्रा हळूहळू उजळली. कारण पुस्तकातून हद्दपार जाहलेले तीनशे तीन ‘पहा’ या वहीत सुखरूप नजरकैदेत होते, आणि त्यांचा पहारा करण्यास कोणी तरी लागणारच होते. त्यांनी तत्काळ फर्मान काढिले, की ही वही खासा आपल्या कपाटात राहील आणि किल्ली आपल्या कमरेस. तह जाहला. शनिवारी नवी प्रत छापून, शिवून तयार.

सोमवारी फेरपरीक्षा. धुलाईखान्यात घडी घालणाऱ्या बायका, इस्तरीवाले, सारे हातचे काम टाकून भिंतीशी उभे राहिले. थोरले साहेब वही काखेत मारून आले होते. लेखनीसबाई खांबाआड उभ्या राहिल्या आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या. सुपरवायझरांनी भरल्या यंत्राची वीज तोडविली आणि मावशींस हुकूम केला, की पुस्तकाप्रमाणे करा, एक अक्षर इकडचे तिकडे नको.

मावशींनी चष्मा चढविला. पुस्तक यंत्राच्या डोक्यावर उताणे ठेविले, पान एकेचाळीस उघडले, आणि दोन्ही हात मोकळे सोडले. मोठ्याने वाचिले, की मुख्य स्विच बंद करा; केला. काटा चाळिसाच्या खाली येईपर्यंत थांबा, थांबल्या. ती आठ मिनिटे बाईंना आठ वर्षांसारखी गेली, आणि साहेब तर काट्याच्या इतके जवळ गेले, की त्यांस बाजूस करावे लागले. मग डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, निळी मूठ आडवी करा. केली, आणि पाणी धो धो करीत मोरीत गेले. काचेतून पाहा, आत पाणी दिसत नाही ना, नव्हते. दाराखालचा लाल खटका ओढून धरा. धरला. दार उघडा.

दार उघडले.

सुपरवायझरांनी वहीत लिहिले, की चालक यंत्रावर कायम. मग त्यांस वाटले, की आपण काही तरी बोलावे, म्हणून विचारिले, की आता पुस्तक कपाटात ठेवायचे ना.  मावशींनी पुस्तक खाली घेतले, पान एकेचाळीस दोन बोटांत धरिले आणि टर्रकन फाडिले.

थोरल्या साहेबांच्या घशातून असा काही आवाज निघाला, की इस्तरीवाल्याने त्यांस स्टूल दिले.  आठ दिवसांची रक्ताचे पाणी करून केलेली प्रत, आणि पहिल्याच दिवशी तिचे पान फाटले. मावशींनी ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घातले, चिकटपट्टीने यंत्राशेजारी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटविले, वरून तळहात फिरविला, आणि उरलेले पुस्तक भाचीच्या हाती परत दिले. म्हणाल्या, “हे राहू दे तुझ्याकडेच. बसून वाचायचं आहे ना ते, मला बसायला कुठे होतंय.”

मोहिमेचा हिशेब येणेप्रमाणे. ‘पहा’ एकंदर तीनशे सतरा; पैकी पुस्तकात बहाल चौदा, नजरकैदेत तीनशे तीन. आपल्या बाजूचे नुकसान: जुने पुस्तक एक, बादलीत, हातमोज्याचे बोट एक, नव्या पुस्तकाचे पान एक, भिंतीवर. माहितीपुस्तकावर लिहिणाऱ्याचे नाव घालण्याची वहिवाट नाही, सबब त्या पानावर ते नव्हते. घडी घालणाऱ्या एका बाईने पान वाचून पाहिले, तिला ते एका दमात कळले, आणि तिने विचारिले, की एवढे सोपे कोणी लिहिले. तेव्हा मावशींनी भरल्या धुलाईखान्यात, खांबाआडच्या व्यक्तीकडे बोट करून, जे जाहीर केले ते शब्दशः नोंदवून आम्ही ही फत्ते दप्तरी दाखल करितो:

“आमच्या मुलीनं. आधीचंही तिनंच लिहिलं होतं.”